टिकाऊपणा आणि उपाधी

न्यायदर्शनात अनुमानाची चिकित्सा करताना ‘उपाधी’ या दोषाला मोठे महत्त्व आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष ठरते. परंतु अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धुरासाठी इंधन ओले असावे लागते, आणि ही गृहीत धरलेली, पण न सांगितलेली अट म्हणजे उपाधी होय. ‘अमुक वस्तू टिकाऊ आहे’ या विधानातही अशीच अट दडलेली असते. म्हणून टिकाऊपणा हा वस्तूचा स्वतंत्र गुण आहे की वस्तू आणि परिसर यांच्यातील संबंध आहे, याचा विचार करावा लागतो.

रत्नागिरी जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर दगडा-लोखंडातच मिळते. खाणीतून नुकताच काढलेला जांभ्याचा चिरा तासायला मऊ असतो आणि उघड्यावर वाळला की कठीण होतो. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत काँक्रीटमधील सळई मात्र गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि त्या दाबाने वरचे काँक्रीट फुटून सळई उघडी पडते. किनाऱ्यावर क्लोराइडचा हल्ला, तर लोटे-परशुरामसारख्या रासायनिक वसाहतीत आम्लांचा.

अशा ठिकाणी अल्कली-सक्रियित काँक्रीटकडे आशेने पाहिले जाते. यात सिमेंटऐवजी औष्णिक वीजकेंद्रातील राख किंवा झोतभट्टीतील मळी घेऊन ती कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट यांच्या द्रावणाने सक्रिय करतात. नेहमीच्या सिमेंटमध्ये तयार होणारा, आम्लाला लगेच बळी पडणारा मुक्त चुना कमी-चुन्याच्या राखेपासून केलेल्या बंधकात जवळजवळ नसतो, त्यामुळे ते आम्लापुढे सहसा अधिक तग धरते. परंतु मळीपासून केलेल्या बंधकात चुन्याचा अंश बराच असतो, आणि मॅग्नेशियम सल्फेट तो अंश ओढून घेऊन बंधक पोखरू शकते. हवेतील कार्बन डायऑक्साइडचा काँक्रीटवरील परिणाम तपासणारी चाचणीसुद्धा उपाधीतून सुटत नाही: वेळ वाचवण्यासाठी या वायूचे प्रमाण अनेक पटींनी वाढवले, की काँक्रीटच्या छिद्रांतील द्रावणाचे रसायनच बदलते, आणि तेथील निष्कर्ष मोकळ्या हवेला जसाच्या तसा लागू पडत नाही. भारतीय मानक ब्यूरोने २०२० मध्ये या काँक्रीटसाठी दिलेली मार्गदर्शक तत्त्वेही पूर्वनिर्मित घटकांपुरतीच आहेत. मर्यादा उघड सांगणारे विधान कसे असावे, याचा तो नमुना आहे.

यावरून टिकाऊपणा हा संबंध आहे, हाच पक्ष ग्राह्य ठरतो, आणि त्यातून एक नैतिक बंधनही निघते. बंदराचा धक्का एक पिढी बांधते आणि त्यावर विसंबून पुढच्या पिढ्या वावरतात. अशा वेळी अट लपवून दिलेली टिकाऊपणाची ग्वाही हे असत्यच होय. म्हणून बांधणाऱ्याने कोणत्या क्षारापुढे, कोणत्या आम्लापुढे आणि किती काळ, हे ग्वाहीबरोबरच सांगावे, आणि प्रयोगशाळेतील अनुमान रत्नागिरीच्याच किनाऱ्यावर नमुने ठेवून, वर्षानुवर्षांच्या प्रत्यक्षाने तपासून घ्यावे.