घासाघीस न्याय्य आहे काय?

विसाव्यासाठीं नाशिक जिल्ह्यांतील येवल्यास जाणारे लोक पैठण्यांचीं दुकानें निवांतपणें पाहत हिंडतात. कांहीं न घेतां पाहणें हा दोष नव्हे. परंतु किंमत ऐकतांच जी घासाघीस सुरू होते, ती न्याय्य आहे काय? कोणी म्हणेल, घेणारा राजी, विकणारा राजी, मग अन्याय कसला?

वाचकहो, पदरावरील मोर कसा होतो तें पाहा. प्रत्येक रंगाचें रेशीम निराळ्या लहान कांडीवर घेऊन विणकर तें हातानें ताण्यांत गुंफतो; म्हणून खऱ्या पैठणीची उलट बाजूहि सुलट बाजूसारखीच दिसते. भरगच्च पदराच्या पैठणीस कित्येक महिने लागतात. गिऱ्हाइकापाशीं वेळ आहे. तें "उद्यां पाहूं" म्हणून उठूं शकतें. मागावर बसणाऱ्यास रेशमाची उधारी फेडावयाची असते. अशा अडलेल्याचा होकार आम्ही मोकळा होकार मानीत नाहीं. दुकानदार आपला नफा सहसा सोडीत नाहीं (हें बाजार करणाऱ्या कोणासहि ठाऊक आहे). तूट बहुधा मजुरींतूनच निघते.

ऐपत नसेल त्यानें लहान वस्तु घ्यावी. मात्र 2010 सालापासून पैठणी हें नांव कायद्यानें राखलेलें असतां यंत्रमागाचा माल त्याच नांवानें विकणारा भेटल्यास, त्याच्याशीं घासाघीस करण्यासहि आम्ही थांबणार नाहीं.