पाळकावांचून मंडळी

(उपदेशाचा आधार : मत्तय 18:20, गलती 6:2)



आपल्या खेड्यांतील मंडळ्यांचे कांहीं तरुण हल्लीं पोटासाठीं मुंबईकडे गेले आहेत आणि मीरा रोडला शांतीनगरांत भाड्याच्या खोल्यांत राहतात. पहाटे गाडी धरावी, रात्रीं परतावें, जिन्यांत भेटणाऱ्या शेजाऱ्याचें नांवहि ठाऊक नसावें, असें तेथील जिणें. ते गांवीं आले म्हणजे आम्ही उपासनेविषयीं विचारतों. उत्तर बहुधा एकच मिळतें : जवळ आपली मंडळी नाहीं, पाळक नाहीं, रविवारीं घरींच असतों. हें ऐकून आम्हांस चिंता वाटते. दोघां-तिघांच्या मेळ्यांत येण्याचें वचन प्रभूनें दिलें, तेव्हां त्यांत पाळकाची अट घातली नव्हती. म्हणून आज आम्ही अशा एका ख्रिस्ती समाजाविषयीं सांगतों कीं, ज्याच्या कितीएक मंडळ्या सुमारें पावणेचारशें वर्षें पाळकावांचून चालल्या आहेत.

हा मित्रसमाज होय. लोक त्यास क्वेकर म्हणतात. इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स (1624–1691) यानें शिकविलें कीं, ख्रिस्ताचा प्रकाश प्रत्येकाच्या अंतःकरणांत पोहोंचतो, मग तो धनी असो वा चाकर, पुरुष असो वा स्त्री. म्हणून त्यांच्या जुन्या पद्धतीच्या सभेंत ठरलेला उपदेश नसतो. सर्वजण सुमारें तासभर निःशब्द बसतात. कोणास आत्म्याची प्रेरणा झाली तर तो उठून चार शब्द बोलतो, आणि पुन्हां शांतता. सर्वच क्वेकर असें करीत नाहींत. केनया देशांत, जेथें त्यांची संख्या सर्वांत मोठी आहे, तेथें पाळकहि आहेत आणि गायनहि होतें. बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधि मात्र हा समाज बहुधा बाह्यतः पाळीत नाहीं. येथें आमचा त्यांच्याशीं मतभेद आहे, व तो आम्ही लपवीत नाहीं. तरी ज्याच्या घरीं दिवा विझला नाहीं त्याला वात कशी राखलीस, एवढें विचारण्यास काय हरकत आहे?

निव्वळ गप्प बसण्यानें कोणतीहि मंडळी टिकत नाहीं. आरंभीं शपथ न घेतल्यामुळें व सरकारी चर्चच्या बंदीला न जुमानतां सभा भरविल्यामुळें हजारों क्वेकर तुरुंगांत पडले. तेव्हां 1654 सालीं मार्गारेट फेल या बाईंनीं केंडल येथें एक फंड उभारला. त्यांतून फिरत्या उपदेशकांचा खर्च निघे आणि बंदिवानांच्या घरच्यांस मदत होई. ज्याला उपदेश करतां येत नव्हता त्याला चार नाणीं टाकतां येत होतीं. एकमेकांचीं ओझीं वाहणें म्हणजे काय, तें पौलानें गलतीकरांस सांगितलें. या लोकांनीं त्याचा हिशेब ठेविला.

त्यांची दुसरी रीत आपल्या पंचांनीं विशेष लक्षांत घ्यावी. त्यांच्या कारभाराच्या सभेंत मतें मोजीत नाहींत. सर्वांचें ऐकून घेऊन चिटणीस तेथेंच ठराव लिहितो व वाचून दाखवितो. कोणाची सद्सद्विवेकबुद्धि अडली तर बहुधा थांबतात, पुन्हां शांत बसतात, प्रसंगीं विषय पुढच्या सभेवर टाकतात. काम सावकाश होतें खरें. पण पांचांविरुद्ध सात मतांनीं ठराव मंजूर झाला, आणि पुढच्या रविवारीं तीं पांच घरें देवळांत आलींच नाहींत, असें आपल्यांत घडत नाहीं काय?

कोणी पेंचांत सांपडला, लग्नाचा किंवा नोकरीचा निर्णय होईना, तर त्याच्या विनंतीवरून चारदोन जण त्याच्याबरोबर बसतात. त्यांनीं सल्ला द्यावयाचा नसतो, केवळ प्रश्न विचारावयाचे. (आपल्याकडे सल्ला देणारे न बोलावतां दहा येतात!)

हे लोक आपल्याला परके नाहींत. रेचल मेटकाफ या क्वेकर बाई 1866 सालीं काशीस आल्या. पुढें या समाजाचें काम होशंगाबादेस, म्हणजे आतांच्या नर्मदापुरमास, रुजलें. नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतांतलाच तो जिल्हा. तेथें रसूलिया येथील त्यांच्या ग्रामकेंद्रानें किशोर भारती या संस्थेसह 1972 सालीं सोळा शाळांतून मुलांच्या हातीं प्रयोग देऊन विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. वर्ध्याजवळ सेवाग्रामांत मार्जरी साइक्स (1905–1995) यांनीं नयी तालीमचे शिक्षक तयार केले. इंग्लंड व अमेरिका येथील क्वेकरांच्या दोन सेवासंस्थांस 1947 चें शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें युद्धांत होरपळलेल्यांस पक्ष न पाहतां साहाय्य केल्याबद्दल.

आतां शांतीनगराकडे वळूं. तेथें आपलीं तीन घरें असलीं तरी पुरे. रविवारीं संध्याकाळीं एका खोलीत जमावें, एक स्तोत्र वाचावें, अर्धा तास देवापुढें शांत बसावें. शेजारची दूरचित्रवाणी चालूच राहील, खालीं रिक्षाहि वाजतील. त्यांच्याशीं आपलें भांडण नाहीं. मग एकमेकांस विचारावें : आज कोण आलें नाहीं? कोणाची नोकरी गेली? कोणाच्या घरीं दुखणें आहे? उठण्यापूर्वीं कोणीं कोणाकडे जावयाचें तें ठरवावें, व एक डबा ठेवावा. प्रभुभोजनासाठीं महिन्यांतून एकदां लांबच्या मंडळींत जावें लागलें तर तिघांनीं मिळून जावें.

आणि गांवच्या उपदेशकांनो, तरुण निघाला म्हणजे आपण त्याला शिफारसपत्र देतां. त्यांत शांतीनगरांतल्या ओळखीच्या घराचा सेक्टर, इमारत व खोलीचा नंबर लिहून द्या, आणि त्या घरींहि त्याच दिवशीं कळवा.