काडी कोणाच्या हातात

मार्च-एप्रिलच्या रात्री मेळघाटातल्या चिखलदऱ्याच्या कड्यावर उभं राहिलं, की कधी कधी समोरच्या डोंगरावर एक लाल रेघ सरकताना दिसते. लांबून ती सुंदर दिसते. जवळ गेलं तर ओल्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपणारी माणसं दिसतात आणि पाठीवरच्या ब्लोअरने पाचोळा मागे ढकलत आगीची वाट तोडणारी. यातले बरेच जण आसपासच्या कोरकू गावांतले, हंगामापुरते रोजंदारीवर घेतलेले फायर वॉचर.

त्यांच्याकडे पाहताना मला रॉन हॉवर्डचा 1991 सालचा ‘बॅकड्राफ्ट’ आठवतो. शिकागोच्या अग्निशमन दलातले दोन भाऊ. बाप आगीतच गेलेला. शहरात कुणीतरी ठरवून आगी लावतंय आणि शेवटी कळतं, की लावणारा दलातलाच, थोरल्या भावाचा जुना सोबती. अग्निशमन केंद्रं बंद पाडून पैसा करणाऱ्यांनी आपली माणसं मारली, हा त्याचा राग. गुन्हा गुन्हाच राहतो, पण आगीचं मूळ ती लावणाऱ्या हाताच्याही मागे असतं, हे चित्रपट दाखवतो.

मेळघाटात तर लावणारा आणि विझवणारा एकाच घरातले भाऊ असू शकतात. मोहफुलं पहाटे गळतात. सागाच्या मोठाल्या वाळक्या पानांत ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायचा. तेंदूला कोवळी पालवी यावी, गुरांना नवं गवत मिळावं, म्हणूनही काडी ओढली जाते. विझली असं वाटलेली ठिणगी दुपारच्या वाऱ्याबरोबर उतार चढून जाते. मग धाकटा ज्या मोहासाठी पहाटे गेला, त्याच बाजूची आग विझवायला थोरल्याला रात्री जावं लागतं.

आणि वनविभागही आग लावतोच. 15 फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होण्याआधी जाळरेषांवरचं गवत कापून जाळतात, पुढे आगीला खाद्य मिळू नये म्हणून. हे शहाणपणाचंच काम आहे. पण काडी खात्याच्या हातात असली की ते व्यवस्थापन ठरतं आणि कोरकूच्या हातात असली की गुन्हा. दोघांना आगीची जाण आहे. लेखी मान्यता मात्र एकाच्याच जाणिवेला आहे.

हा भेद कायद्यातच आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम 79 जंगलात हक्क असलेल्या माणसाला वणवा विझवायला बांधून घेतं. कलम 26 मात्र, आग जाणूनबुजून वा घोर निष्काळजीपणाने लागली तर, त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क स्थगित करायची मुभा सरकारला देतं. म्हणजे एकाने काडी टाकली, तर विझवायला धावलेल्याचाही हक्क जाऊ शकतो. असल्या कायद्याखाली कोण पुढे येऊन सांगेल, की आग कुठून सुरू झाली?

हक्क गेल्याच्या रागाने कुणी लावलेली आग मी माफ करत नाही. जमिनीवर घरटं करणारे पक्षी, सरपटणारे जीव, सागाची कोवळी रोपं यांचा त्या रागाशी काही संबंध नसतो. पण 1974 पासून व्याघ्र प्रकल्प असलेल्या या जंगलात आपलं काय उरलं, हा प्रश्न ज्यांना रोज पडतो, त्यांना नुसत्या शिक्षेच्या भीतीने राखणदार करता येणार नाही. उपग्रह आगीचा ठिपका दाखवतो, मोबाइलवर इशारा येतो, तरी त्या ठिपक्यापर्यंत चालत जायला माणूसच लागतो.

मेळघाटच्याच पायथ्याशी पायविहीर आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये या गावाला सामूहिक हक्क मिळाला, आणि उजाड पडलेली जमीन गावाने राखून हिरवी केली. 2014 मध्ये त्या कामाला जैवविविधता पुरस्कारही मिळाला. त्या जंगलातली सीताफळं गाव स्वतः विकतं. पीक आपलं आणि विक्री आपली असली, की काडी टाकणाऱ्याला शेजारीच आधी अडवतो.

मोहाखालचा पाचोळा झाडून काढता येतो, झाडाखाली जाळी अंथरून फुलं वेचता येतात. याला जास्त हात आणि थोडा खर्च लागतो. तो खर्च फुलं वेचणाऱ्या बाईने एकटीने का उचलावा? जाळरेषेच्या अंदाजपत्रकात तिच्या झाडाखालच्या चार हात जमिनीचीही तरतूद हवी, आणि ती फेब्रुवारीच्या आधी हातात पडायला हवी, कारण मोह मार्चमध्ये गळू लागतो.