गळती आणि सचोटी

अमेरिकेंत १९५० सालीं शेव्हरोले मोटारींत ‘पॉवरग्लाइड’ ही स्वयंचलित गिअरपेटी आली. अशा जुन्या पेटीचें तेल पुढील पंपाच्या सीलमधून गळूं लागलें, म्हणजे मालकापुढें दोन मार्ग असतात. सील अल्पमोलाचें, पण तें बदलावयास संपूर्ण पेटी उतरवावी लागते. दुसरा मार्ग सोपा : रबर फुगविणारें द्रव्य तेलांत ओतावें. गळती कांहीं काळ थांबते. झीज तशीच राहते.

हा मार्ग अनीतीचा म्हणावयाचा काय? आमच्या मतें, स्वतःच्या वापरापुरता तो केवळ कालहरणाचा उपाय होय. परंतु मोटार विकतांना त्याविषयीं मौन धरणें ही फसवणूकच. ग्राहकानें विचारलें नाहीं, ही सबब चालणार नाहीं. गळती होती तोंवर जमिनीवरील डागच खरें बोलत होता. तो नाहींसा केल्यावर बोलण्याचें कर्तव्य मालकावर येतें.