गुठळी निघाल्यानंतर

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघातावर एके काळी वाट पाहण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. १९९५ साली अमेरिकेतल्या एका चाचणीने दाखवून दिले की तीन तासांच्या आत औषधाने गुठळी विरघळवली तर अपंगत्व टळू शकते. २००८ साली ही मुदत साडेचार तासांवर गेली. २०१५ साली तर एकापाठोपाठ पाच चाचण्यांचे निष्कर्ष आले: मोठ्या वाहिनीतली गुठळी जांघेतून नळी घालून बाहेर काढता येते आणि त्याचा रुग्णाला खरोखर फायदा होतो. या पाच चाचण्यांतल्या १२८७ रुग्णांची माहिती पुढच्या वर्षी एकत्र मांडली गेली. गुठळी काढलेल्यांपैकी ४६ टक्के लोक तीन महिन्यांनी आपले आपण जगत होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६.५ टक्के होते. वैद्यकात एवढा फरक पाडणारे उपचार थोडेच सापडतात.

याच अभ्यासातला आणखी एक आकडा मात्र अस्वस्थ करतो. गुठळी काढलेल्या सुमारे ७१ टक्के रुग्णांत रक्तप्रवाह चांगल्यापैकी सुरू झाला होता. वाहिनी मोकळी झाली ७१ टक्क्यांची आणि स्वावलंबी झाले ४६ टक्के. मधल्या लोकांचे काय झाले? स्क्रीनवर रक्त खेळताना दिसते, डॉक्टर बाहेर येऊन ‘प्रोसिजर यशस्वी झाली’ असे सांगतात, नातेवाईक हात जोडतात, आणि दुसऱ्या दिवशीही रुग्णाचा उजवा हात चादरीवरून उचलत नाही. घरच्यांना कोणी तरी फसवल्यासारखे वाटते. फसवलेले कोणीच नसते. वाहिनी उघडण्याआधीच काही पेशी मेलेल्या असतात, मोठी वाहिनी उघडली तरी तिच्या पुढच्या केसाएवढ्या वाहिन्या बंद राहू शकतात, आणि परत आलेल्या रक्ताबरोबर त्या जखमी भागात दाहाचीही लाट येते.

ही लाट रक्तात दिसते. पक्षाघाताच्या ताणाने शरीरात कॉर्टिसॉल आणि अॅड्रिनलिनसारखी संप्रेरके उसळतात. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्येही होणाऱ्या साध्या सीबीसीत या दोन्हींचे आकडे असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागले की एक गुणोत्तर मिळते, आणि ते जितके जास्त तितका रुग्ण बरा होण्याचा संभव कमी, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. दाह दाखवणाऱ्या सीआरपीचे तसेच. दाखल होतानाच्या शुगरचेही तसेच. मज्जातंतूंचा सांगाडा मोडल्यावर त्याचे तुकडे रक्तात उतरतात. न्यूरोफिलामेंट या प्रथिनाचे हे सूक्ष्म प्रमाण आता मोजता येते, आणि ते पुढच्या दिवसा-आठवड्यांत किती चढते यावरून मेंदूचे किती नुकसान झाले याचा अंदाज येतो.

या निरीक्षणांबद्दल माझी तक्रार नाही. ती चांगली आहेत आणि आणखी व्हायला हवीत. माझा मुद्दा त्यांच्या पुढच्या पायरीबद्दल आहे. आकडा वाईट म्हणून माणूस वाईट अवस्थेत, असे वाचता वाचता आपण नकळत पुढे सरकतो: आकडा सुधारला की माणूस सुधारेल. रक्तातल्या या खुणांपैकी, म्हणजे मार्करपैकी, बहुतेक खुणा जळिताच्या पंचनाम्यासारख्या असतात. किती जळाले ते त्यात नोंदलेले असते, पण पंचनाम्यातला आकडा खोडून कमी केल्याने जळालेले घर उभे राहत नाही.

हे केवळ तर्काने म्हणत नाही, याची किंमत मोजून झालेली आहे. दाखल होताना शुगर जास्त असलेले रुग्ण कमी बरे होतात, मग शुगर कडकपणे खाली आणली तर? अमेरिकेत ११५१ रुग्णांवर हे करून पाहिले. एका गटात इन्सुलिनच्या ड्रिपने शुगर ८० ते १३० च्या दरम्यान ठेवली, दुसऱ्यात ती १७९ पर्यंत चालू दिली. २०१९ साली निकाल आला: चांगले बरे झालेले पहिल्या गटात २०.५ टक्के, दुसऱ्यात २१.६ टक्के. फरक पडला तो एवढाच की कडक नियंत्रणाच्या गटातल्या २.६ टक्के रुग्णांची शुगर धोकादायक इतकी खाली गेली. लिम्फोसाइट घटल्याने प्रतिकारशक्ती दबते, म्हणून न्यूमोनिया होतो, मग आधीच अँटिबायोटिक द्यावे का? नेदरलँड्समध्ये अडीच हजारांहून जास्त रुग्णांवर हे करून पाहिले, तीन महिन्यांनंतरच्या अवस्थेत फरक नाही. होमोसिस्टीन तर आपल्याकडे घरोघरी ठाऊक झालेले नाव, कारण बी-१२ ची कमतरता आपल्यात फार आणि तपासणीच्या पॅकेजमध्ये ते हमखास असते. पक्षाघात होऊन गेलेल्या ३६८० लोकांत जीवनसत्त्वांनी ते खाली आणले, ते आलेही, पण पुन्हा येणारे पक्षाघात त्यामुळे कमी झाले नाहीत. हा निकाल २००४ चा आहे. बी-१२ कमी असेल तर ते द्यायलाच हवे, त्याची कारणे वेगळी आहेत.

याच्या उलट बाजूला ठेवण्याजोगा एक अभ्यास ऑस्ट्रेलियातला आहे, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. न्यू साउथ वेल्समधल्या १९ पक्षाघात कक्षांत तो झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. काही कक्षांतल्या परिचारिकांना तीन गोष्टींची पद्धत नीट लावून दिली: ताप, शुगर आणि गिळणे. पहिले तीन दिवस ठरलेल्या वेळी ताप पाहायचा आणि ३७.५ अंशांवर गेला की पॅरासिटामॉल द्यायचे. शुगर पाहायची आणि वाढली तर उतरवायची. रुग्णाला गिळता येते की नाही हे तपासल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोटही द्यायचा नाही. तीन महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या कक्षांत ५८ टक्के होते, या कक्षांत ४२ टक्के.

शुगर इथेही आहे. पण इथे ती एकटी नाही, तिचा ठरावीक आकडा गाठणे हे एकमेव लक्ष्य नाही. तिच्या निमित्ताने एक प्रशिक्षित माणूस ठरावीक तासांनी रुग्णाजवळ येतो, त्याच्याकडे पाहतो, आणि काय करायचे हे त्याला माहीत असते. आपल्याकडच्या वॉर्डात काय होते? भेटीच्या वेळी आलेला नातेवाईक प्रेमाने चमच्याने चहा पाजतो. अर्धा चहा श्वासनलिकेत उतरतो. दोन दिवसांनी ताप येतो, सीआरपी चढते, न्यूट्रोफिल चढतात, आणि आपण म्हणतो की मार्कर वाईट आहेत. तो चहा थांबवणारी सिस्टर त्या पाळीत चाळीस रुग्णांना एकटी पाहत असते. तिच्यावर राग काढून काय मिळणार? पदे भरायला हवीत.

आकड्यांचा दुसरा उपयोग भाकितासाठी होतो, आणि तिथे मला जास्त काळजी वाटते. आयसीयूच्या बाहेर उभ्या असलेल्या मुलाचा एकच प्रश्न असतो: ‘डॉक्टर, बाबा चालायला लागतील ना?’ त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, जो तो विचारत नाही. शेत गहाण टाकू का, की आता घरी नेऊ? अशा वेळी एखादे गुणोत्तर दाखवून ‘चान्स कमी आहे’ म्हटले की ते भाकीत राहत नाही, निर्णय होऊन बसते. रुग्ण घरी जातो, फिजिओथेरपी होत नाही, हात आखडतो, पाठीला जखमा होतात आणि भाकीत खरे ठरते. मेंदूतल्या रक्तस्रावाच्या बाबतीत हा धोका इतका स्पष्ट झाला की अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी, रुग्णाने आधीच इच्छा नोंदवलेली नसेल तर, दाखल झाल्यानंतरच्या किमान दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत उपचार मर्यादित करण्याचे नवे निर्णय लांबणीवर टाकावेत असे सुचवले. हजार रुग्णांत जे गुणोत्तर नीट बोलते ते एका रुग्णाच्या बाबतीत फार पुसट बोलते. वय, आधीची तब्येत, पक्षाघाताची तीव्रता आणि स्कॅन एवढे हाताशी असताना सीबीसी त्यात किती भर घालते, हा प्रश्न प्रत्येक नव्या मार्करला विचारायलाच हवा.

काही खुणा या कसोटीला उतरतात. गुठळी विरघळवण्याचे औषध देण्याआधी रक्ताची जी एक तपासणी थांबून करायलाच हवी ती म्हणजे शुगर, कारण शुगर फार उतरली तरी पक्षाघातासारखीच लक्षणे दिसतात. त्याला बोटावरचा एक थेंब पुरतो. एलडीएल कोलेस्टेरॉल ७० च्या खाली ठेवल्याने फायदा होतो हे फ्रान्स आणि दक्षिण कोरियातल्या २८६० रुग्णांत दिसले: पुन्हा पक्षाघात, हृदयविकाराचा झटका असे काही होण्याचे प्रमाण १०.९ वरून ८.५ टक्क्यांवर आले. जीएफएपी नावाचे प्रथिन मेंदूत रक्तस्राव झाल्यावर लगेच रक्तात चढते, गुठळीच्या पक्षाघातात ते पहिल्या तासांत फारसे चढत नाही. सीटी स्कॅन दोन तासांच्या अंतरावर असलेल्या गावात, रुग्णवाहिकेतच हा फरक कळला तर रुग्ण कुठे न्यायचा ते ठरवता येईल. या तिन्ही ठिकाणी आकडा पाहिल्यावर हात काही तरी वेगळे करतात.

पुनर्वसनाबद्दल सोपी आशा दाखवणेही बरोबर नाही. भारतातल्या १४ केंद्रांत १२५० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. घरच्यांनाच व्यायाम शिकवून पाठवले तर रुग्ण जास्त बरे होतील, अशी कल्पना होती. २०१७ साली निकाल आला तेव्हा सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेले दोन्ही गटांत ४७ टक्केच होते. याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी असा मी घेत नाही. फिजिओथेरपिस्टचे काम सुनेच्या किंवा बायकोच्या अंगावर टाकून भागत नाही, असा घेतो. त्या बाईला आधीच स्वयंपाक, मजुरी आणि आजारी माणसाचे सगळे अंगावर असते.

आणि ज्यांच्या रक्ताचा नमुनाच कधी घेतला गेला नाही त्यांचे काय? गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत दोन वर्षे प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले, तिथले ते मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले, आणि यातले बहुसंख्य लोक घरीच गेले होते. मार्करवरचे आपले जवळपास सगळे ज्ञान रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांच्या रक्तातून आले आहे. त्या ८६ गावांसाठी आधी लागते ती रक्तदाबाची गोळी रोज मिळण्याची सोय, वेळेत निघणारी गाडी आणि जिल्हा रुग्णालयात ताप, शुगर आणि गिळणे पाहणाऱ्या पुरेशा सिस्टर. ही सोय उभी करताना तिथल्या रुग्णांच्या रक्ताचे नमुनेही जरूर घ्यावेत, पण प्रत्येक नमुन्याच्या प्रस्तावात एक रकाना सक्तीचा असावा: आकडा जास्त आला तर या रुग्णासाठी आपण काय वेगळे करणार आहोत?