मायना नसलेले पत्र

जुन्या मराठी पत्रात वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’ व परक्यास ‘राजमान्य राजश्री’ असा मायना असे. तो लिहिताना आपण कोणाशी बोलत आहोत, हे लेखकास आधी ठरवावेच लागे. व्हॉट्सॲपच्या समूहात आजोबा आणि नातू एकाच पंक्तीस बसून वाचतात, आणि उद्धट उत्तर क्षणार्धात दोघांपुढेही जाऊन पडते.

मग एखाद्या वडीलधाऱ्याने खोटी वार्ता पाठविली, तर मौन पाळणे यास विनय म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेमुळे जमावाने पाच निरपराध माणसांचे प्राण घेतले. अशा वार्ता पुढे धाडणारे बहुधा दुष्ट नसतात, काळजीपोटीच धाडतात.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. वाक्य सत्य असावे, तसेच प्रिय, हितकर व उद्वेग न करणारे असावे. चारचौघांत वडिलांचा पाणउतारा करणारे आमच्या वयाचे तरुण यांतील पहिलाच शब्द तेवढा उचलतात!

सणाची तिथी चुकली असेल, तर ती एकट्यास कळवावी. भय पसरविणाऱ्या वार्तेचे उत्तर मात्र ती आली तेथेच द्यावे, कारण ती वाचणारेही तेथेच आहेत. आरंभ ‘काका’ असा करावा, आणि काकांनी ती पुसून टाकल्यावर तिचा पुन्हा उल्लेख करू नये.