दोष कोणाचा?



आल्प्स पर्वतात सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, चुनखडीच्या कड्यांत एडेलवाइस नावाचे पांढरे फूल उमलते. अंगावरची दाट लव त्याला कोरडा वारा आणि कडक ऊन यांपासून जपते. त्याच पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी चेस्टनटची झाडे आहेत. त्यांच्या फळांच्या पिठावर तेथील गोरगरिबांनी पिढ्यान्‌पिढ्या हिवाळे काढले. 1948 साली स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात या झाडांवर एक बुरशी आली. सालीवरच्या जखमेतून ती आत शिरते, सालीखालचा जिवंत थर मारते आणि तिचा वेढा पूर्ण झाला की वरचे झाड वाळून जाते.

आपण चटकन म्हणू, फूल चांगले आणि बुरशी वाईट. पण हा निवाडा बरोबर आहे का?

ही बुरशी मूळची पूर्व आशियातली. तेथील चेस्टनटला तिची सवय आहे. ते झाड सहसा तिच्यामुळे मरत नाही. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर ती अमेरिकेत गेली आणि 1904 साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात प्रथम आढळली. पुढच्या सुमारे पन्नास वर्षांत तेथील तीनशे ते चारशे कोटी झाडे गेली. एडेलवाइसने कोणाचे काही बिघडवले नव्हते. तरी हौसेपायी माणसाने ते इतके खुडले की त्याला कायद्याने जपावे लागले.

म्हणजे फुलाच्या पदरी पुण्य नाही आणि बुरशीच्या माथी पाप नाही. दोघेही आपापल्या स्वभावाप्रमाणे जगतात. पाप-पुण्याला निवड लागते आणि ती माणसाच्या हाती आहे. रोपे नेणाऱ्यांना बुरशी ठाऊक नव्हती, म्हणून त्यांना क्षमा करता येईल. पण धोका कळल्यावरही बेफिकीर राहणे याला अज्ञान म्हणता येत नाही.

1950 च्या दशकात इटलीत दिसून आले की काही झाडांच्या जखमा आपोआप भरत आहेत. एका विषाणूने बुरशीला दुबळे केले होते. बुरशी आजही तेथे आहे आणि झाडेही आहेत.

आपणही एका घरातली गोष्ट सहज दुसऱ्या घरी नेतो. जिथे ती बोलली गेली तिथे ती निरुपद्रवी असते. दुसरीकडे तीच एखादा संसार वाळवते. मग आपण म्हणतो, "मी फक्त सांगितले." उंबरठा ओलांडण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारू या : मी बरोबर काय घेऊन चाललो आहे?